डाव्या सीटखालचं तळं

ती. ताईंना,

तुमच्या भावजयीचा कोरडा ठणठणीत नमस्कार. (कोरडा म्हणजे रागाचा नव्हे. गेले तीन आठवडे या घरात कोरड्या वस्तूला फार मान आहे, म्हणून.) तुमची कंबर आता कशी आहे? भावोजींचं घोरणं कमी झालं असेल, निदान तुम्हाला त्याची सवय तरी झाली असेल, अशी आशा करते. इकडे सगळे खुशाल, फक्त तुमच्या बंधुराजांची मान आखडली आहे. ती कशी आखडली ते सांगायलाच बसले आहे.

आपल्या लाँड्रीचं निम्मं पोट हॉस्पिटलच्या कपड्यांवर भरतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चादरी पिकअपच्या मागच्या हौद्यात जातात, पण डॉक्टरांचे इस्त्रीचे पांढरे कोट मी केबिनमध्ये, माझ्या शेजारच्या सीटवर, लेकरासारखे बसवून नेते. (गाडी मीच चालवते. बंधुराज चालवतात तेव्हा पोचेपर्यंत इस्त्री मोडलेली असते.) तर एका सकाळी, रात्रभर पाऊस झाल्यावर, कोटांचा गठ्ठा उचलला तो पाठीकडून चिंब! खाली पाहिलं तर मॅटवर तळं, आणि कोपऱ्यात कधीतरी सांडलेल्या बियांना दोन-दोन पानं फुटलेली. हॉस्पिटलात कपडे मोजून घेणाऱ्या ज्या बाई आहेत, त्यांच्या चेहऱ्यालाही कांजी केलेली असते. त्यांनी कोटावरचा तपकिरी डाग दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरी लाँड्री बघावी लागेल."

गॅरेजवाल्यानं गाडीकडे न बघताच निदान केलं, पुढची काच. तिच्या रबराभोवती त्यानं इतकं सिलिकॉन थापलं की वायपर दोन दिवस जागचे हलले नाहीत. पाणी आलंच. मग बंधुराजांनी दाराचं रबर बदललं. दार आता खांद्यानं ढकलल्याशिवाय लागत नाही, आणि पाणी मात्र पूर्वीसारखंच न ढकलता आत येतं. शेवटी मी सीटवर प्लॅस्टिक अंथरलं, तर त्यात ते छान साठायला लागलं.

तेव्हा निवृत्तीपासून पेपर धरून गप्प बसलेले बाबा उठले. (अक्षरशः. खुर्चीतून.) तीस वर्षं त्यांनी पाणी खात्यात रस्त्याखालच्या फुटक्या नळांचा माग काढला, आणि आम्ही घरचं पाणी दाखवायला गॅरेजवाल्याकडे गेलो, याचा त्यांना केवढा राग आला होता! म्हणाले, "पाणी दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं. ते वाट काढत येतं." मग फर्मानं सुटली. सीट आणि मॅट बाहेर. आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर, म्हणजे ओघळ उमटेल. बंधुराज टॉर्च घेऊन आत, सीटच्या जागी पाटावर, दारं-काचा बंद. आई नळावर, बाबा पाइप घेऊन बाहेर, मी वही घेऊन पायरीवर. एका शिट्टीला नळ चालू, दोन शिट्ट्यांना बंद. खालून वर जायचं, एका जागी दहा मिनिटं, मधे कुणी बोलायचं नाही. (आईंना पंधरा दिवसांपूर्वीचं काहीतरी बोलायचं होतंच, त्यामुळे नळ दोनदा चुकला आणि बाबांचा सदरा भिजला.)

पहिला दिवस फक्त दारांत गेला. दुसऱ्या दिवशी पुढची काच निर्दोष सुटली. त्याच वेळी एक गिऱ्हाईक पडदे न्यायला आलं, काचेआड पावडरीनं पांढराफटक झालेला माणूस डोळे वटारून बसलेला पाहिलं, आणि पडदे न घेताच गेलं. तिसऱ्या दिवशी बाबा टपाच्या मागच्या बाजूला पोचले, तोवर बंधुराजांना आत झोप लागली होती. मान मागे टाकून, तोंड उघडं. आणि एकदम किंकाळी! मानेवरून गार पाणी थेट सदऱ्यात. ते दार ढकलायला लागले, तर बाबा बाहेरून दार दाबून ओरडताहेत, "हलू नकोस! आहेस तिथंच थांब! कुठल्या बाजूनं आलं?" ते बिचारे मान वाकडी ठेवून अर्धा तास तसेच. पावडरीवरचा ओघळ पाहून बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढं एक कुठून आलं ते शोधावं लागलं नाही.

चोर निघाला मागच्या काचेवरचा ब्रेकचा दिवा. त्यामागची बोटभर रबरी पट्टी तडकलेली. तिथून पाणी अस्तराआडून कोपऱ्यात, सीटच्या पाठीवर, मग खाली. आणि आपण गाडी उतारावर तोंड खाली करून लावतो, म्हणून मॅटखालून थेट पुढे. सगळे पुढची काच चोळत बसलो ते त्यामुळे. बाबांनी नवी पट्टी स्वतःच्या हातानं बसवली. त्यानंतर दोन दिवस धो-धो पाऊस झाला. कांजीवाल्या बाईंनी एकेका कोटावर तळहात फिरवला, आणि पुढच्या आठवड्यापासून नर्सिंगचे गणवेशही धुवायला देऊ, असं सांगितलं. हे त्या हसून म्हणाल्या, असं माझं मत आहे. बंधुराजांना ते पटत नाही.

भावोजींना नमस्कार. मोठ्यांचा आशीर्वाद असू द्यावा.

तुमची,
भावजय

ता. क. गळती सापडल्यापासून बाबा पुन्हा गप्प झालेत. परवा तर पेपर उलटा धरला होता. मला राहवलं नाही, बोलून गेले की ताईंच्या गाडीतही पाणी येतं म्हणे. त्यांनी त्याच संध्याकाळी बॅग भरली. रविवारी सकाळच्या बसनं पोचतील.

ता. क. २. तुमच्या गाडीत पाणी येत नसेल, तर कृपा करून रविवारच्या आत ते यायची काहीतरी सोय करा. भावोजींना म्हणावं, जागा जरा अवघड निवडा. निदान आठ दिवस पुरली पाहिजे.