पिल्लांवरची मरळ

बा, काल मालक आपल्या दारात आला होता. गावची निम्मी जमीन ज्याची, ज्याच्या दारात तू जन्मभर चपला हातात घेऊन गेलास, तोच. आता राज्य बदललंय, म्हणून त्यानं डोक्यावर पांढरी टोपी घातलीय आणि आपण निजामाच्या वेळी डोंगर वाचवायला कसे लढलो, ते पारावर बसून सांगत असतो. मला म्हणाला, "बाई, तुझ्या बापापाशी अर्जीची नक्कल होती. त्यात माझी सही हाय. ती दे, कामाची हाय." मी म्हणाले, "माझ्या मायनं कवाच चुलीत घातली." तो टोपी सारखी करत निघून गेला. मी खोटं बोलले. तू गेलास त्याला बारा वर्षं झाली, आणि तुझ्या तंबाखूच्या बटव्यात सापडलेला तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे.

तो कागद तुला कोणी वाचून दाखवला नसेल. मलाही तेव्हा वाचता येत नव्हतं, पण त्यावर तुझा अंगठा होता, म्हणजे तू काहीतरी बोलला असशील असं मला वाटायचं. लेकीच्या अंकलिपीवरून मी एकेक अक्षर गिरवलं, आणि सबंध वाचलेला पहिला कागद हाच. मराठीतल्या त्या नकलेत लिहिलंय की या डोंगरात चितळ, रानडुक्कर, मोर मुबलक आहेत, खालच्या डोहात हातभर मासे आहेत, शिकारीची अशी जागा आसपास दुसरी नाही, म्हणून ती दगडाच्या खाणीला देऊ नये. हुजुरांनी स्वतः येऊन एकदा शिकार करून पाहावी. बस्स. त्या डोहावर आपली सारी भोईआळी जगत होती हे त्यात नाही. माय त्याच डोंगरातून सरपण आणि डिंक आणायची, त्याचा एक शब्द नाही. वर मालकाची सही, मग बंदुका बाळगणाऱ्या आणखी चौघांची, मग गळ टाकून बसायचा शौक असलेल्या कापडवाल्या चाचांची, आणि अगदी तळाला तुझा अंगठा, शाई फिसकटलेला. वाचून मला रडू आलं नाही. हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

ठेकेदारानं सडकेच्या खडीसाठी डोंगरावर खुंट्या ठोकल्या तेव्हा मालकानं त्या उपटून आणल्या, हे खरं आहे. तो सांगतो तशा घोड्यावर बसून उपटल्या नाहीत, माणसांकडून उपटवल्या, पण ते जाऊ दे. त्याच मालकानं आदल्या उन्हाळ्यात मायला डोक्यावरची मोळी वाटेत टाकायला लावली होती, का, तर कुऱ्हाडीच्या आवाजानं चितळं बुजतात. त्याला डोंगर ठेकेदारापासून वाचवायचा होता तसाच आपल्यापासूनही. हे मला दहा-अकरा वर्षांच्या पोरीला दिसत होतं. मी तुला विचारलंही, "बा, ते लोक तुला काहून संगं घेऊन राहिले?" तू जाळं विणत होतास. मान वर न करता म्हणालास, "डोह माझ्याबिगर कोणाला ठावा हाय?" केवढा अभिमान होता तुझ्या आवाजात. त्या अभिमानाची मला अजून चीड येते.

आणि मग ती अर्जी ज्याच्याकडे गेली तो निजामाचा साहेब येतो. पाऊस उघडलाय, दसरा अजून यायचाय, नदीकाठी त्याचा तंबू पडलाय. पहिल्या सकाळी त्याला एकही जनावर दिसत नाही. मालकाचा चेहरा उतरतो, कारण अर्जीत मुबलक लिहिलंय. शिकारी मंडळींचा एक नियम होता, तो तूच मला सांगितला होतास: मादी मारायची नाही, आणि ढोल बडवून जनावर उठवताना, हाका घालताना, डोंगराची एक बाजू मोकळी सोडायची, म्हणजे निसटायचं ते निसटतं आणि पुढच्या वर्षाला उरतं. त्या दोन दिवसांत त्यांनी तीन गावांची माणसं बोलावून चारही बाजू बंद केल्या. ढोल वाजतायत, पत्र्याचे डबे वाजतायत, आणि वरून जे येईल त्याच्यावर साहेब बार टाकतोय. माद्या, पाडसं, काही बघत नाही. प्रत्येक बाराला मालक "वाहवा, हुजूर" म्हणतोय. डोंगर किती भरलेला आहे हे दाखवायला त्यांनी डोंगर रिकामा केला. घरात पुस्तकं असलेली, कचेरीत खुर्ची मिळणारी माणसं ही, आणि एकाच्याही ते डोक्यात आलं नाही.

पण मी त्यांना हसते आणि तुझ्यापाशी येऊन अडखळते. दुसऱ्या दिवशी साहेबाला मासा हवा झाला. डोंगरावरच्या गलक्यानं माशांनी तळ गाठला होता, तुझं जाळं रिकामं येत होतं. मालक डोहावर आला आणि म्हणाला, "काय रे, डोह तुला ठावा हाय ना? मंग माझं नाक काहून कापून राहिलास?" तू काठच्या लव्हाळ्याकडे बघितलंस. तिथं मरळ होती हे तुला माहीत होतं आणि मलाही, कारण तूच दाखवली होतीस. वर तांबड्या पिल्लांचा घोळका आणि खाली ती, हलत नाही, राखण करते. पिल्लांवरची मरळ धरायची नाही, हे तू मला नदीत पाय टाकायच्या आधी शिकवलंस. तू गळाला बेडकी लावलीस आणि बरोबर पिल्लांच्या मधोमध सोडलीस. ती खायला आली नाही, बा. हाकलायला आली. मी ओरडले, "बा, तिची लेकरं हायत!" मालक हसून म्हणाला, "तुझी पोरगी माशाची सोयरी हाय का रे?" आणि तू, ज्यानं मला कधी बोट लावलं नव्हतं, माझ्याकडे न बघता म्हणालास, "मोठ्या माणसांत तोंड बंद ठेवावं." दुसऱ्या सकाळी मी जाऊन पाहिलं. लव्हाळ्यापाशी नुसतं पाणी होतं.

मरळ धरली त्या रात्री साहेबाच्या पंगतीत, कुरुंद्याच्या बाजारची हळद लावून तळलेले तिचे तुकडे साहेबानं चाखून खाल्ले, हात पुसले आणि म्हणाला, "अब इस पहाड में बचा क्या है?" सगळे हसले. चाचांनी तेवढं ताट सरकवलं, पोट बराबर न्हाई म्हणाले. थंडीत डोंगर ठेकेदाराला मिळाला. साहेबानं लिहून दिलं म्हणे की पाहणी केली, जनावर उरलेलं नाही. खडी वाहायला बैलगाड्या कोणाच्या लागल्या? मालकाच्या. सुरुंगाच्या दगडांनी डोह बुजत गेला, तू जाळं ठेवून खाणीवर गेलास, आणि मलाही खाणीवरच्याच माणसाला दिलंस. तो चांगला माणूस होता. सुरुंग उडाला नाही म्हणून पाहायला गेला, तेव्हाच सुरुंग उडाला आणि तो गेला. तेव्हापासून खडी फोडून मीच घर चालवते. त्याची आठवण रोज येते, हातोडीसारखी, सुरुंगाएवढा मोठा आवाज न करता.

मालकाला कागद मी देणार नाही. त्याला नव्या राज्यात त्यातली पहिली सही दाखवायचीय, आणि तळचा अंगठा कोणाचा हे कोणी विचारणार नाही. हे पत्रही त्याच ट्रंकेत, त्या कागदाखाली ठेवीन. तुझी फार कीव करून लिहायला बसले होते, म्हणून माझीही एक गोष्ट राहू नये. त्या दिवशी पंगतीतून मरळीचं डोकं तू पळसाच्या पानात बांधून घरी आणलंस. मायनं कालवण केलं. डोहावर ओरडलेली मी, मला वाटलं होतं गिळणार नाही. मी भाकर चुरून खाल्लं, पुन्हा मागितलं, आणि तू तुझ्या ताटातलं उचलून माझ्या ताटात घातलंस. फार चव होती त्याला. तुझ्यासाठी काही उरलं की नाही, हे मी पाहिलं नाही.