अप्पांचं घड्याळ

वादिअण्णा,

अप्पांचं ते जुनं, महागडं, पाण्यातही चालणारं स्टीलचं घड्याळ हरवलं, असं मी तुला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. घड्याळ माझ्याकडे आहे.

अप्पा गेले, त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनीच ते माझ्या हातात घातलं. पण तेव्हा ते मला ओळखत नव्हते. "वादी, तुझ्यासाठी ठेवलं होतं रे," म्हणाले. मी संहिता आहे, एवढंच सांगायचं होतं. पण सात वर्षं त्यांना मी भरवलं, अंघोळ घातली, आणि तू एकदाच आलास. मी "हो अप्पा" म्हणाले.

काल जे. पी. नगरच्या घड्याळांच्या दुकानात पट्ट्याच्या चार कड्या काढून घेतल्या. तरी ते मनगटावर फिरतंच. कानडी दुकानदार म्हणाला, "अक्का, हात लहान, डायल मोठी. स्वल्प सैल राहणारच." मी "सरी", बरं, म्हटलं आणि तसंच घालून घरी आले.

आईने पाहिलं. मी घाईने म्हणाले, "अप्पांनी दिलं."

"ठाऊक आहे. मी दारातच होते," आई म्हणाली. "नाव कुणाचं घेतलं, तेही ऐकलं. वादीला तू सांगतेस की मी?"

सकाळपासून हे तिसरं पत्र लिहितेय. आधीची दोन फाडली.

तुझी धाकटी,
संहिता