निळं झाकण

३ मार्च, सकाळ
आजपासून पुन्हा रोजनिशी. मोठ्या ब्रँडचा जन्म कुणीतरी टिपून ठेवायला हवा.

ऑफिसने मला मोकळं केल्यापासून घर बायकोच्या मलमावर चालतं, हे मान्य. टाचांच्या भेगांचं मलम. ती स्वयंपाकघरात मेण वितळवून करते. पण त्याला नाव नाही! काचेची बाटली, वर निळं झाकण. लोक मेडिकलमध्ये जाऊन चक्क ‘निळं झाकण द्या’ म्हणतात. ज्या माणसाने आयुष्यभर वस्तूंची बारशी केली, त्याच्या घरात ही तऱ्हा. ‘केशांत’ तेल माझंच होतं. मला त्यात शांतता दिसली, विक्री विभागाला अंत. असो.

५ मार्च
नाव ठरलं. एल्व्होरिया. बायकोने अर्थ विचारला. म्हटलं, अर्थ नाही, तीच ताकद. ती म्हणाली की चाललंय ते चालू द्या ना. व्हिजन नाही.

माझा जुना नियम: गिऱ्हाइकाच्या तोंडून विचार न करता जे निघतं, तेच खरं नाव.

संकल्प: बायकोशी वाद घालायचा नाही. फक्त निर्णय कळवायचे.

९ मार्च
बायको बहिणीकडे गेलेली. सरप्राइजची संधी साधली. सोनेरी झाकणं आली, लेबलं आली. सगळा माल नव्या रूपात. निळी झाकणं पोत्यात भरून मेडिकलवाल्याला देऊन टाकली. त्याने दोनदा विचारलं की नक्की नकोत ना. वर म्हणाला, नाव झकास आहे. भला माणूस.

रात्री बायकोऐवजी भांडी बोलली.

१८ मार्च
विक्री मंद. अपेक्षितच होतं. नवं नाव रुजायला वेळ लागतो. एका बाईने म्हणे काउंटरवर विचारलं, हे औषध आहे की आजार? उलट शेजारच्या काकू काल जिन्यात सांगत होत्या की त्यांच्या टाचांना एल्व्होरिया झालाय. म्हणजे नाव तोंडी बसतंय.

२ एप्रिल
मेडिकलमध्ये निळ्या झाकणाच्या बाटल्यांची रांग! आत कुठलंसं पिवळट, चिकट मलम. मी म्हटलं, हे आमचं आहे. मेडिकलवाला शांतपणे म्हणाला, तुमचं कसं साहेब, तुमचं तर ते काहीतरी ‘रिया’ आहे. वकिलाला फोन केला. तो म्हणाला, तुम्ही नोंदवलंय एल्व्होरिया, आणि ते कुणीही चोरलेलं नाही. चोरणारही नाही, असंही म्हणाला. गरज नव्हती.

१५ एप्रिल
सगळा माल परत आला. हॉलमध्ये खोकी. सोफा दिसेनासा झालाय. मी बायकोला समजावलं की मोठ्या कंपन्यांचंही सुरुवातीला असंच होतं. ती सिंकसमोर पाठमोरी उभी होती. नळ सोडलेला, हातात भांडं नव्हतं. बऱ्याच वेळाने कळलं की रडतेय. फार वाईट वाटलं. काय बोलावं ते सुचेना, मला, ज्याला नेहमी शब्द सुचतात. शेवटी नळ बंद करायला सांगितलं.

संकल्प: तिच्याशी नीट बोलायचं. उद्या.

२८ एप्रिल
राहून गेलं.

आज ती सकाळीच डबा घेऊन निघाली. लोकांनी ते पिवळट मलम मेडिकलवाल्याच्या तोंडावर मारलं म्हणे. आता ही त्याच्या मागच्या खोलीत मलम करणार. पगारावर. झाकण निळंच. स्वतःच्या मलमाची ती नोकर झाली. मला विचारलं नाही. फक्त निर्णय कळवला.

६ मे, संध्याकाळ
मेडिकलमध्ये गेलो. उघड हेतू: त्या मलमाला कन्सल्टंट म्हणून एक नवं नाव सुचवणं. ‘मेलिझॉन’. व्हिजिटिंग कार्ड खिशात होतं.

ते काढायच्या आत काउंटरवरच्या माणसाने आत सांगितलं की मलमवाल्या बाईंचे मिस्टर आलेत, बसवू का? आतून बायकोचा आवाज आला की नको, निघतीलच ते. आवाजात रागही नव्हता.

मागे दोन बायका उभ्या होत्या. माणसाने विचारलं, काय देऊ? माझ्याही टाचा हल्ली फुटल्या आहेत. घरी हॉलभर एल्व्होरिया पडलंय, आत तेच मलम.

मी म्हटलं, निळं झाकण द्या.