हललेला फोटो

प्रिय ताई,

परवा आपण फोनवर बराच वेळ बोललो, आणि बोललो काय, तर तुझ्या शेजारणीचं मांजर आणि माझी पाठदुखी. मध्येच तुझ्याकडे बाळ रडलं आणि तू पटकन दार लावून घेतलंस. ते दार मला ऐकू आलं.  म्हणून लिहायला बसलेय. फोनवर माझा आवाज जरा दाटला की तुला गॅसवरचं दूध आठवतं.

आपला लहानपणीचा तो फोटो आठवतो? बाबा कॅमेरा डोळ्याला लावून हलू नका म्हणत होते, तू माझा दंड घट्ट धरून ठेवला होतास, तरी माझ्या तोंडाच्या जागी नुसता फराटा आलाय. तेव्हापासून मी घरात भिंगरी. आणि पोटापाण्याला काम मिळालं तेही हलणं घालवायचं, आता याला काय म्हणावं. मी 'कॉम्प्युटरमध्ये काहीतरी' करते असं तू सगळ्यांना सांगतेस, म्हणून एकदा नीट सांगते. पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करताना एकामागून एक शेकडो चित्रं निघतात. तेवढ्यात आई श्वास घेते, डॉक्टरांचा हात सरकतो, बाळ कूस बदलतं, आणि हृदय चित्रात जागेवर राहत नाही. आमचा प्रोग्राम प्रत्येक चित्र किती सरकलं ते मोजतो आणि तेवढंच मागे आणून बसवतो. मग हृदयाचं उघडणं-मिटणं तेवढं उरतं. बाळाच्या लाथेला आम्ही अडथळा म्हणतो. दिवस राहिले होते तेव्हा मीही म्हणायचे, आणि आतून लाथ बसली की टेबलाखाली पोटावर हात ठेवून हसायचे.

त्या दिवसाचं मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. तुझे मेहुणे बाहेर गाडी लावत होते. डॉक्टरीणबाई ओळखीच्या, म्हणून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला होता. चित्र आलं आणि ताई, माझ्या मनात पहिलं काय आलं, तर किती स्वच्छ! इतक्या वर्षांत असं चित्र पाहिलं नव्हतं. कुठे काही सरकत नव्हतं, दुरुस्तीची गरजच नव्हती. आज अगदी शहाण्यासारखं पडून आहे, असं मी म्हणालेसुद्धा. बाई पडद्याकडे आणखी वाकल्या. मग चित्र थोडं थरथरलं, आणि बाळ हललं म्हणून मला बरं वाटलं. ते थरथरणं त्यांच्या हाताचं होतं. हृदय शोधायचं सोडून मी चित्राचं कौतुक करत बसले होते. यात कुणाचीच चूक नाही हे मला डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा समजावलंय, आणि ते पटतंही. पण तो क्षणभराचा आनंद काही केल्या मनातून जात नाही.

तेव्हापासून सगळे माझ्याभोवती जपून वावरतात. ऑफिसातला दाढीवाला फार लाथा मारणाऱ्या बाळांची रेकॉर्डिंग गुपचूप स्वतःकडे घेतो. आणि तू, तू तर दारच लावून घेतेस. मला भाची झाली, आणि माझ्यापर्यंत आले ते तिचे दोनच फोटो, दोन्हीत ती गाढ झोपलेली. तुझा हेवा वाटतो का, तर वाटतो. खोटं कशाला बोलू? पण तिच्यावर राग नाही गं माझा.

काल दाढीवाला रजेवर होता. माझ्या वाट्याला एक बाळ आलं, ते इतकं वळवळत होतं की प्रोग्रामने हात टेकले. मी दुरुस्ती बंद केली आणि ते तसंच पाहत बसले. खूप रडले, पण उठून गेले नाही. ताई, मला त्रास नको म्हणून तू ती निजलेली असतानाचे फोटो पाठवतेस, आणि मला नेमके तेच बघवत नाहीत. फोटो आहे हे कळत असूनही मी तिचा श्वास शोधत बसते. तिचा व्हिडिओ पाठव. लाथा झाडतानाचा, भोकाड पसरलेला, कसलाही. तुझा हात हलला तरी चालेल. आणि पुढच्या वेळी आपण फोनवर असताना ती रडली, तर दार उघडं ठेव.

तुझीच,
भिंगरी