साहेबांचं पोट

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार. (दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरते, उठायला वेळ लागतोय, तोवर आशीर्वाद चालू ठेवा.) तब्येत तुम्हाला विचारत नाही, कारण तुम्ही 'ठणठणीत' म्हणाल. मामीला विचारली. उजवा हात थरथरायला लागल्यापासून तुम्ही डेंटिंगच्या गॅरेजला कुलूप लावलंय, हात खिशात घालून घरात बसता आणि कुणाकडे म्हणून जात नाही, असं ती म्हणाली. ऐकून फार वाईट वाटलं, मामा. रागही आला. तो शेवटी काढते.

आधी माझी फजिती ऐका. तुम्ही नेहमी विचारता, संगणकात गाडी करता तर ठोकायला पत्रा कुठाय? नाहीच. आम्ही हवेतच पत्रा ताणतो, तुकडे जोडतो, सांधा दिसू द्यायचा नाही. तीही अर्धीच गाडी. उरलेली अर्धी संगणक आरशातल्यासारखी आपोआप काढतो. (त्यामुळे माझी चूक कधी एक नसते, दोन असतात.) मग त्यावर काळे-पांढरे पट्टे पाडून बघायचं. पट्टा अडखळला की तिथे खोट. तुम्ही ट्यूबलाइटखाली एक डोळा मिटून दार बघायचात तेच हे, फक्त इथल्या शिव्या सभ्य आहेत.

तर प्रत्येक तुकड्याला नाव द्यावं लागतं. मी आपली तुमच्या गॅरेजातलीच देते: खांदा, कंबर, आणि पत्रा उगाच फुगतो तिथे पोट. मागच्या दारावर आमच्या साहेबांनी हट्टाने एक फुगवटा घालायला लावला होता. गेल्या महिन्यात एका गुरुवारी भिंतीएवढ्या पडद्यावर, वीस माणसांदेखत, नावांची यादी उघडली आणि साहेबांनी स्वतःच मोठ्याने वाचलं, "साहेबांचं पोट." सगळे छताकडे बघायला लागले. साहेबांनी श्वास आत ओढला. (फरक पडला नाही.) माझी बोबडी वळली, तरी पत्रा, पोट, तुम्ही, सगळं सांगून टाकलं. नोकरी गेलीच म्हणून मनातल्या मनात टेबल आवरायला घेतलं होतं. ते म्हणाले, "आहे खरं. काढून टाका." कुठलं, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

दारावरचं काढलं. पट्टे सरळ आले. मग त्यावरून, हात लावून बघता यावं म्हणून, खऱ्या मापाची मातीची गाडी तयार झाली, आणि तिच्या मागच्या चाकापाशी काहीतरी खुपतंय. दिसतं सगळ्यांना, सापडत कुणालाच नाही. साहेब म्हणतात, तुझ्या मामांना बोलाव.

आता तो राग. हातोडी उजव्या हातात असायची, कबूल. पण ठोकून झाल्यावर डोळे मिटून पत्र्यावरून फिरवायचात तो डावा. लहानपणी सगळ्या सुट्ट्या त्या गॅरेजात काढल्यात मी, मला शिकवू नका. थरथरतोय उजवा, मग डाव्याला का घरी बसवलंत?

तुमचीच,
भाची

ता.क. : बुधवारी आमच्या ऑफिसात यायचा तुमचा पास काढलाय. कामाच्या रकान्यात मी 'डेंटर' लिहिलं होतं, फाटकावरच्या बाईंनी 'डेंटिस्ट' केलं. वाटेत कुणी दाढ दाखवली तर रागावू नका.

ता.क. २ : तुमच्याशी खोटं बोलायला जीभ रेटत नाही. साहेबांनी आपणहून बोलावलं नाही, मीच त्यांच्या मागे लागले. आणि ती खोट मला परवाच सापडली. सगळे जेवायला गेले होते, डोळे मिटून हात फिरवला, एका जागी थांबला. अजून कुणाला बोलले नाहीये. बरोबर सापडली का, हे मला दुसरं कोण सांगणार? या ना, मामा.