टेकडीवरचं टेंगूळ

रविवार, १२ फेब्रुवारी
संध्याकाळ

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे आणि तूही ठीक असशील असं धरून चालते. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर बोलताना बाबा शेजारीच असतात आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. म्हणून पत्र.

बाबा बरे आहेत. त्यांची खाट मी खिडकीपाशी हलवली, तिथे उजेड चांगला येतो. औषधाच्या बाटल्या त्यांच्या शिलाई मशिनवर ठेवते. ते त्यांना खपत नाही, पण दुसरी जागा कुठे आहे? चादरी बदलणं, अंग पुसणं, भरवणं यात दिवस जातो. रविवारी सकाळी नर्सबाई येतात, तेवढ्यात मी मागच्या टेकडीवर जाऊन येते. वर पोचले की पाठ मोकळी होते आणि घरी काय काय पडलंय ते थोडा वेळ आठवत नाही. आठवडाभर वाकून शिवायचं तर एक दिवस ताठ चालायला हवं, असं बाबा म्हणायचे. तेव्हा ते भाषण वाटायचं. आता त्या एका सकाळवर माझा आठवडा निघतो.

टेंगळाचं सांगायचं होतं. कागद फाडू नकोस, पुढे वाच.

बाबांनी टेकडी चढायला रविवारची टोळी जमवली तेव्हापासूनची रीत ती. ओढ्यातून झेपेल तेवढा दगड उचलायचा आणि वर नेऊन रचायचा. ढिगाला टेंगूळ हे नाव तूच ठेवलंस. यात ओढ्याचं काही बिघडतंय हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मग तू नद्या-ओढे तपासायची नोकरी धरलीस आणि एक दिवस जेवताना बाबांना सुनावलंस: दगडांखाली खेकडे राहतात, मासे अंडी घालतात, दगड गेले म्हणून पाणी धावत सुटतं, काठ खातं आणि उन्हाळ्याआधीच आटतं; ते दगड परत ओढ्यात नेऊन टाका. तुझं बरोबर होतं. पण 'तुम्ही ओढा मारलात' एवढं म्हणायची गरज नव्हती. आणि 'माझ्या दगडांना हात लावायचा असेल तर या घरात पाऊल टाकू नकोस' हे म्हणायची बाबांनाही नव्हती. तू मात्र त्यांचा शब्द अगदी पाळलास. दोघंही एकाच ताग्यातली!

तर ते टेंगूळ आम्ही गेल्या वर्षापासून उतरवतो आहोत. बाबांना न सांगता. सुरुवातीला सगळी टोळी होती, जाताना पिशव्या रिकाम्या आणि येताना जड. मग कुणाचे गुडघे, कुणाची नातवंडं, असं करत एकेक जण गळाला. चष्मेवाले काका शेवटपर्यंत टिकले. तेही मध्ये म्हणाले, "बाई, चढवताना मजा यायची. उतरवताना कंबरडं मोडतंय." आता मी एकटीच जाते, पाठीला तुझं जुनं दप्तर लावून. पुरुषभर उंच टेंगूळ आता कमरेइतकं उरलंय.

ओढ्याला मात्र फरक पडलाय. वळणाशी अजून पाणी आहे. मागच्या खेपेला तिथे एक खेकडा दिसला, माझ्यावरच नांगी उगारून बसलेला. मला इतका आनंद झाला की मी त्याच्याशी चार शब्द बोलले. कुणी पाहिलं नाही ते बरं.

खाट हलवताना एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. त्या खिडकीतून टेंगूळ समोर दिसतं. परवा बाबा म्हणाले, "टेकडी बुटकी झालीय का गं?" मी म्हटलं, चष्मा बदलायला हवा तुमचा.

आज मी परत आले, दप्तर दाराआड ठेवलं आणि पाणी द्यायला आत गेले. ते खिडकीकडेच बघत होते. "डावीकडून काढतेस तू," म्हणाले. "उजवीकडून काढ. नाहीतर सगळं अंगावर येईल."

मी पेला खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "खेकडे आले का?"

एक दिसला म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. तेवढ्यात म्हणाले, "तळचा थोरला दगड एकटीने उचलू नकोस. तो तुझ्या आईने आणि मी मिळून नेला होता. धाकटीला बोलव. ओढ्यात कुठे ठेवायचा ते तिला कळेल."

वर 'बाबा बरे आहेत' लिहिलंय ते खोडत नाही, पण ते खरं नाही. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. तरी मी तुला फोन करून हवापाण्याचं बोलत राहिले. ये म्हणायचं आणि तू नाही म्हणायचंस, एवढं ऐकायचं बळ माझ्यात नव्हतं. मी फार थकले आहे गं.

आणखी एक. टेंगूळ संपलं की बाबाही जातील, असं माझ्या मनाने घेतलंय. वेडेपणा आहे, कळतं मला. पण डॉक्टरांशी बोलणं झाल्यापासून मी बारके बारके दगडच निवडून आणते. दप्तर जवळजवळ रिकामंच असतं. बाबा वाट बघताहेत, आणि असे बारके दगड आता थोडेच उरलेत.

थोरल्याला मी हात लावलेला नाही.

तुझी वाट बघणारी,
ताई