मारबतीत घेतलेलं नाव

गुरुजी,

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार, पोळ्याचा पाडवा. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मी गोठ्याचं दार आतून लावून उलट्या घमेल्यावर बसलो आहे. थोड्या वेळापूर्वी दूध काढायला बसलो, कासेला पाणी मारलं, नेहमीप्रमाणे गाईच्या मानेवरून हात फिरवला आणि खांद्याच्या खाली बोटाला गाठ लागली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तिच्या शेजारी दुसरी. गोचीड असती तर चिमटीत आली असती. ही कातड्यातच आहे. कान गरम आहेत, सरकीची ढेप पुढे ठेवली तर तोंड फिरवते. हे काय आहे ते मला कळतं, कारण मागच्या वर्षी हिच्या आईला लम्पी झाला तेव्हा सुरुवात अशीच झाली होती. आता गावाला सांगायचं की नाही, एवढंच ठरवायचं आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच विचारावंसं वाटलं, कारण मागच्या वर्षी मी तुमचं ऐकून सांगितलं होतं.

तुम्हाला आठवत असेल, शाळेमागच्या तुमच्या खोलीवर संध्याकाळचं दूध मीच घेऊन येत होतो. तुम्हाला भाकरी जमत नसे, म्हणून स्टोव्हवर रोज खिचडी असायची. दूध तापेपर्यंत तुम्ही मला शुद्धलेखन घालायचे आणि माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पाहून दूध उतू जाईपर्यंत हसायचे. त्याच वर्षी विहिरीवर एका बाईने माझ्या आईला सगळ्यांसमोर टोमणा मारला, की तुमच्या दुधात विहीर जास्त आणि गाय कमी. आई घरी येऊन न जेवता झोपली. तुम्ही आर्वीला जाऊन दुधातलं पाणी दाखवणारा काचेचा लॅक्टोमीटर आणला आणि मारोतीच्या पारावर आईच्या गंजात, दुधाच्या पातेल्यात, सोडला. माणसं गोळा झाली. तुम्ही म्हणाला, "पाहा बाप्पा, ज्याले पाह्यचं त्यानं पाहा. काच कोणाची सोयरी नाई." मग तो लॅक्टोमीटर माझ्या हातात देऊन म्हणालात, "हा तुह्या. लोकाइनं विचारायच्या आधी आपणच दाखवत जाजो. मंग कोणाले बोलाले तोंड राहत नाई." मी तो अजून कापसात गुंडाळून ठेवतो. आठवीनंतर शाळा सुटली, तुम्ही गेलात, बाबांची पाठ गेली आणि दूध माझ्याकडे आलं. तेव्हापासून मी रोज पहिल्या घरी पोचण्याआधी दूध स्वतः तपासतो. कोणी विचारत नाही, तरी.

आणि पाडव्याची मारबत. पोळ्याला दारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या पहाटे उचलून पोरं गावाबाहेर नेऊन टाकायची आणि वाटेत ओरडायची, की खोकला घेऊन जाय गे मारबत, ताप घेऊन जाय गे मारबत. तुम्ही टॉवेल गुंडाळून आमच्या पुढे चालायचे. तो दिवस मला अजून दिसतो. आपल्या वर्गाचा मॉनिटर मध्येच गल्लीतल्या एका विधवा बाईचं नाव घेऊन ओरडतो, सगळे हसतात, आणि तुम्ही थांबता. तुम्ही त्याच्या हातातली फांदी काढून घेता. "मारबत रोगाले नेते बे, माणसाले नाई. माणसाचं नाव घेशील तर उद्या तुह्यंही कोणी घेईन." त्या बाईच्या दारात नेऊन तुम्ही त्याला तिच्या हातचा चहा प्यायला लावलात. तो खाली मान घालून प्यायला. मला वाटलं होतं, हे गाव आता कधी असं करणार नाही. इतका भोळा मी तेव्हा होतो की अजून आहे, ते तुम्हीच ठरवा.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी आमच्या गवळाऊ गाईच्या अंगावर गाठी आल्या. गुरांचे डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "माणसाले हा रोग होत नाई. दूध उकळून प्या, काईच भीती नाई. पण हिले बाकीच्या गुराइपासून दूर बांध. माशा-डासाइनं पसरते." मी तिला मागच्या पडवीत नेलं, चारी बाजूंनी मच्छरदाणी बांधली, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर केला. तिची चरवी, बादली, दोर, सगळं वेगळं केलं. तिचं दूध विकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं; ते मी माझ्या मनाने ठरवलं. आणि मग मला तुमचा पार आठवला. मी एका पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, की आमच्या एका गाईला लम्पी झाला आहे, तिचं दूध विक्रीला नाही, बाकी दोन गाई निरोगी आहेत, ज्यांना बघायचं त्यांनी गोठ्यात येऊन बघावं. दोनदा वाचून, वेलांट्या तपासून, पुठ्ठा दाराला लावला.

बघायला कोणीही आलं नाही. दुपारपर्यंत त्या पुठ्ठ्याचा फोटो गावातल्या सगळ्या मोबाइलवर फिरला आणि त्याच्याखाली कुठल्यातरी दुसऱ्याच मुलाच्या फोड आलेल्या पाठीचा फोटो होता. संध्याकाळी दूध घेऊन गेलो, तर समोरच्या काकूंनी दार उघडलं नाही. खिडकीतूनच म्हणाल्या, "आजपासून नको रे बाबू. आमच्या नातवाच्या पाठीवर पुरळ उठलं."

"काकू, त्या घामोळ्या असतीन. आणि हे त्या गाईचं दूध नाईच."

"तू म्हणतं तं खरंच असन. पण सारं गाव का येडं हाय?"

पुढच्या घरी माझ्या ओळखीचं पातेलं उंबऱ्याबाहेर पालथं घातलेलं. त्याच्या पुढच्या घरी म्हाताऱ्या आजोबांनी मला रस्त्याच्या पलीकडेच थांबायला लावलं आणि काठीने दाखवलं, की इथून पुढं येऊ नको. ज्या घरांत मी शाळेत असल्यापासून दूध घालत होतो, त्या घरांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी हातात साप घेऊन आलो आहे. भरलेला कॅन घेऊन परत आलो. आईने मोठं पातेलं चुलीवर ठेवलं आणि सगळं दूध आटवत बसली. लोक आता फुकटही घेणार नव्हते, तो खवा आम्हीच तीन-चार दिवस खाल्ला. अजून मला खव्याचा वास सहन होत नाही.

मग पाडवा आला. पहाटे मी पडवीत गाईच्या जखमांना हळद लावत होतो. तिला बरं वाटू लागलं होतं, खपल्या सुकत होत्या, आदल्या रात्री तिने हिरवा चारा ओढून खाल्ला होता. गल्लीत मारबत आली. खोकला, ताप, ईडा, पीडा. आमच्या दारासमोर ती थांबली आणि एक मोठा, पुरुषी आवाज आला, "लम्पीचं दूध घेऊन जाय गे मारबत!" मागोमाग माझं नाव. पोरांनी ते उचललं, आणि पोरांच्या मागे बायांनी. मी दाराच्या फटीतून पाहिलं. पुढे मॉनिटर होता. आता त्याला पोट सुटलं आहे, गळ्यात उपरणं होतं, बाकी आवाज तोच. गुरुजी, त्या गर्दीत तुमच्या हाताखाली शिकलेले निदान निम्मे होते. तुमच्यासारखं एकानेही थांबवलं नाही. आई दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती.

दुपारी चौघे आले. त्यांच्यात आमचे शेजारचे काकाही होते, ज्यांच्या बैलांचा गोठा आणि आमचा गोठा यांच्यात एकच भिंत आहे. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाय गावाबाहेर ने बाबू. लोकं आयकून नाई राह्यले. उद्या कोणी काई केलं तं आमच्यावर नको येऊ."

"काका, तिचा पाय सुजला हाय. ती चालू नाई शकत. बरी होऊन राह्यली, चार दिवस द्या."

"चार दिवस कोण कोणाले देते?"

मी तिला घेऊन निघालो. रोहण्याच्या रस्त्याने, नाल्याकाठच्या पडक्या झोपडीपर्यंत. सुजलेला पाय ती टेकवत नव्हती; प्रत्येक बाभळीखाली थांबायची आणि मागे वळून गावाकडे बघायची. लोक आपापल्या ओट्यांवरून बघत होते. झोपडीत पोचल्यावर ती बसली ती पुन्हा उठली नाही. मी तिथेच राहिलो. तिसऱ्या दिवशी ती गेली. खड्डा खणायला माणूस मिळेना. मी आणि बाबा, पाठ गेलेले बाबा, आम्ही दोघांनी खणला.

आणि हे ऐका. दिवाळीनंतर गुरांच्या डॉक्टरांच्या तोंडून सहज निघालं, की आमच्या गाईच्या आधीच मॉनिटरच्या चार जनावरांना लम्पी होता. शेतातल्या कोठ्यात त्याने ती झाकून ठेवली होती, गाठींवर शेण-माती लिंपून. त्यांचं दूध तो रोज गावात आणत होता. आमची बंद झालेली घरंही त्यानेच धरली होती. कोणाच्या नातवाला काही झालं नाही. होणार नव्हतंच, डॉक्टर पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते. पण गावाने ते दूध प्यायलं आणि माझं नाव मारबतीत घेतलं. त्याने झाकलं आणि तो निभावला. मी दाखवलं, आणि माझी गाय नाल्यावर पुरली.

थंडीत एकेक घर परत आलं. काकू मागच्या दाराने पदराखाली गंज घेऊन आल्या, म्हणाल्या, "त्याच्या दुधाले सायच नाई धरत रे." मी गंज भरून दिला. मला जगायचं आहे आणि ह्याच गावात जगायचं आहे. गाव आपलं असतं, हे तुम्ही सांगितलं होतं. गुरुजी, मला गावाचा राग आहेच. पण रात्री जागा असतो तेव्हा मला तुमचा जास्त येतो. तुम्ही काच खोटं बोलत नाही एवढं शिकवलं. काचेकडे कोणी पाहिलंच नाही तर काय करायचं, ते शिकवायचं राहिलं.

आत्ताच मारबत गेली. यंदा फक्त खोकला आणि ताप. मॉनिटरने कडी वाजवून ओरडून सांगितलं, "अबे, तुह्या दारातली फांदी दे ना! काऊन कोंडून बसला?" आवाजात एवढा जिव्हाळा, की क्षणभर मला वाटलं, मागचं वर्ष मीच स्वप्नात पाहिलं. आई फांदी देऊन आली. मग भिंतीपलीकडून काकांनी हाक मारली, "बाबू, गाय काऊन हंबरून राह्यली सकाळपासून? बरी हाय ना?"

"गोचीड झाले काका. औषध आणतो."

"हौ. आण बाप्पा." आणि ते त्यांच्या जोडीला चारा टाकायला गेले.

डॉक्टरांना मी फोन केला आहे. गाडी वेशीबाहेर ठेवून मागच्या वाटेने या म्हटलं. मच्छरदाणी बांधून झाली. हिचं दूध वेगळं काढून वासराला पाजलं, बाकीचं थोड्या वेळाने घरोघर जाईल. पुठ्ठा लिहिणार नाही. काकांची जोडी या भिंतीला लागूनच बांधलेली आहे, कालच्या रंगवलेल्या शिंगांसकट. बैल जरा तिकडे बांधा, एवढं म्हणता आलं असतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. म्हटलं नाही.

हे कागद टपालातही टाकायचे नाहीत. पण कोणाला तरी खरं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, ती सवय तुमचीच. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही दूध बंद करणार नाही.